जेऊरच्या माळावरची दोन मिनिटे

आमचे मूळ गाव सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात. वडील कामाच्या शोधात ठाण्यास आले, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागले आणि आम्ही भावंडे नौपाड्यातील एका चाळीच्या दोन खोल्यांत वाढलो. दिवाळीत आणि मे महिन्यात गावी जायचे, म्हणजे रात्रीची सोलापूरकडे जाणारी गाडी धरायची आणि पहाटेच्या काळोखात जेऊर स्टेशनावर उतरायचे. गाडी तेथे जेमतेम दोन मिनिटे थांबते. तेवढ्यात बोचकी, धाकटा भाऊ, पाण्याचा डबा आणि झोपेने जड झालेले आपले डोळे असे सगळे फलाटावर उतरवायचे असते. जेऊर म्हणजे माझ्या लेखी एवढेच होते : थंडी, चहाची टपरी आणि पहिल्या एस.टी.ची वाट पाहणे.

गेल्या वर्षी इतिहासाच्या ट्यूटोरियलसाठी पुण्यातील १८९७ सालच्या प्लेगची माहिती गोळा करीत मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसले होते. वाचता वाचता कळले की, १८९८ च्या जानेवारीत खग्रास सूर्यग्रहणाचे फोटो घेण्यासाठी देशोदेशीचे खगोलवेत्ते दुर्बिणी घेऊन जेऊरला उतरले होते. मी ती ओळ पुन्हा वाचली. जेऊर दुसरेही असेल, अशी शंका आली. पण नाही, हेच आमचे जेऊर! आणि त्या खगोलवेत्त्यांत एक जण साहेब नव्हता. तो पुण्याच्या कॉलेजातला प्राध्यापक होता. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला.

गावी गेल्यावर आजीला विचारले. तिने आजवर पाहिलेली ग्रहणे सांगितली, ग्रहणात विळी हाती घेऊ नये हे पुन्हा एकदा बजावले, पण दुर्बिणीवाल्यांचे काही तिच्या कानी आलेले नव्हते. गावातल्या दुसऱ्या कोणालाही ते ठाऊक नव्हते. म्हणून हा लेख. मी कला शाखेची विद्यार्थिनी, त्यातून कॉलेजची पायरी चढलेली घरातली पहिलीच. लोलक आणि वर्णपट यांची गाठ दहावीच्या पुस्तकानंतर पडली नव्हती. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

कावसजींचा जन्म १८५७ सालचा, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेच्या वर्षीचा. घराणे पारशी. शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. १८७८ साली पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन ते एम.ए. झाले आणि कुलपतींचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. पदवीधर होणे हीच मोठी गोष्ट असण्याचा तो काळ. असा मनुष्य वकिलीत किंवा सरकारी खात्यात सहज वर चढला असता. हे मात्र १८८२ साली आपल्याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले.

त्याच साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी मुंबईस आले असता या पंचवीस वर्षांच्या अध्यापकाने त्यांच्याकडून कॉलेजसाठी ५,००० रुपयांची देणगी मिळविली. मुंबई सरकारने तितकीच रक्कम घातली. हेतू असा की, प्रकाशाचे पृथक्करण शिकविणारी एक प्रयोगशाळा उभारावी. सूर्याचा किरण लोलकातून नेला की त्याचे सात रंग होतात हे आपण शाळेत पाहिलेले असते. पण तो पट्टा पुरेसा लांबविला तर त्यात बारीक बारीक रेषा दिसतात आणि प्रत्येक मूलद्रव्याची रेषा आपल्या ठरावीक जागी येते. त्यामुळे कोट्यवधी मैलांवरच्या ताऱ्यात लोखंड आहे की सोडियम, हे येथे बसून सांगता येते. हे शास्त्र तेव्हा पंचवीस वर्षांचेही नव्हते. जवळजवळ कावसजींच्याच वयाचे म्हणा ना!

यंत्रे खरेदी करण्यासाठी १८८४ साली ते इंग्लंडला गेले. तेथल्या जाणत्या खगोलवेत्त्यांनी त्यांना वेगळाच सल्ला दिला. मुंबई इलाख्याला वर्षातले कितीतरी महिने स्वच्छ आकाश लाभते, तेव्हा बंद खोलीतल्या प्रयोगशाळेपेक्षा वेधशाळाच का उभारू नये? ही कल्पना कावसजींच्या मनात बसली. लवकरच त्यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखले गेले ते हेच. विश्वेश्वरय्या नुकतेच, १८८३ साली, तेथून उत्तीर्ण होऊन गेले होते. या कॉलेजच्या आवारात १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा सुरू झाली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यात बनलेली, वीस इंच व्यासाच्या आरशाची परावर्तक दुर्बीण तेथे आली. तेवढी मोठी दुर्बीण त्या वेळी हिंदुस्थानात दुसरी नव्हती.

या दुर्बिणीतून त्यांनी केलेले पहिले महत्त्वाचे काम मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे. हिवाळ्यात रात्री आपण मृग पाहतो, त्याच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक अंधूक ठिपका असतो, तोच हा. त्याच्या प्रकाशात एक ठळक हिरवी रेषा दिसे आणि ती कोणत्या द्रव्याची यावर मोठा वाद चालला होता. सर नॉर्मन लॉकियर हे इंग्लंडातले बडे प्रस्थ, ‘नेचर’ या शास्त्रीय साप्ताहिकाचे संपादक. त्यांचे मत असे की, ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे. तसे असते तर रेषा एका बाजूला धूसर दिसायला हवी होती. कावसजींनी पुण्याहून पाहिले तर ती दोन्ही बाजूंना रेखीव होती. १८९१ साली त्यांनी तसे प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेतून कीलर यांचेही निरीक्षण लॉकियर यांच्या विरुद्धच गेले. ती रेषा प्राणवायूची, पण फार विरळ वायूतच दिसणारी, हे कळायला पुढे १९२७ साल उजाडले. लॉकियर यांचे चुकत आहे, हे पुण्यातला एक देशी प्राध्यापक १८९१ साली लिहितो, याचे मला फार अप्रूप वाटले.

दुसरे अप्रूप असे. त्याच सुमारास त्याच पुण्यात आणखी एक गृहस्थ मृग नक्षत्रात गुंतलेले होते. लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ सालचा. एकाने मृगाकडे वेदांतून पाहिले, दुसऱ्याने लोलकातून.

आता ग्रहणाकडे वळते. सूर्याचे फोटो तर रोज घेता येतात, मग ग्रहणासाठी एवढा खटाटोप कशाला? कारण असे की, सूर्याची तळपती थाळी झाकली गेल्यावाचून तिच्याभोवतीचे काहीच आपल्याला दिसत नाही. सूर्याच्या कडेला तांबूस तेजाचा एक पातळ थर आहे आणि त्याबाहेर मोतिया रंगाचे, लांबवर पसरलेले प्रभामंडल आहे. त्याला करोना म्हणतात. (हा शब्द आपल्या पिढीने वेगळ्याच संदर्भात ऐकला, त्याला इलाज नाही.) पूर्वी ग्रहण लागले की विद्वान मंडळी हाताने चित्रे काढीत आणि एकाच ठिकाणी शेजारी शेजारी बसलेल्या दोघांची चित्रे एकमेकांशी जुळत नसत. त्या दोन मिनिटांत डोळे दिपलेले, हात थरथरणारे, मग कोणाचे खरे मानायचे? २८ जुलै १८५१ रोजी कोनिग्सबर्ग येथे प्रभामंडलाचा पहिला चांगला फोटो घेतला गेला आणि मग हा प्रश्न मागे पडत गेला. काचेची प्लेट घाबरत नाही.

पण प्लेटलाही ढगाच्या पलीकडचे दिसत नाही. ही या शास्त्रातली खरी मेख आहे. ग्रहण कोठे, कोणत्या मिनिटाला लागेल हे गणिताने कित्येक वर्षे आधी सांगता येते. त्या मिनिटाला तेथे ढग असेल की नाही, हे मात्र आदल्या दिवशीही छातीठोकपणे सांगता येत नव्हते. १८ ऑगस्ट १८६८ चे मोठे ग्रहण आपल्या देशावरून गेले ते ऐन पावसाळ्यात. पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात लेफ्टनंट हर्शेल दुर्बीण लावून बसले होते. त्यांना ढगांच्या फटींतून मिळाले तेवढेच पाहावे लागले. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते, त्यांना आकाश लाभले. सूर्याच्या कडेची तेजोमय ज्वाला ग्रहण सुटल्यावरही लोलकातून पाहता येईल, हे त्यांच्या तेथेच ध्यानात आले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे ती हमखास चुकीची सांगितली जाते. लॉकियर साहेबांनी १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे मीही शाळेत ऐकले होते. सहलीत विजयदुर्गावर गेलो तेव्हा साहेबाचे ओटे पाहून मी मान डोलावली होती. प्रत्यक्षात त्या वर्षी लॉकियर इंग्लंडातच होते आणि ऑक्टोबर महिन्यात ग्रहणाशिवायच त्यांनी सूर्याच्या कडेची ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गास ते आले १८९८ साली, कावसजी जेऊरला होते त्याच ग्रहणासाठी. ओटे खरे, साहेबही खरे, तीस वर्षांची गल्लत मात्र झाली आहे.

आणि या लॉकियर साहेबांचा ढगांनी केवढा पिच्छा पुरवावा! १८९६ च्या ऑगस्टमध्ये ते लवाजमा घेऊन नॉर्वेच्या उत्तर टोकाला गेले. आरमाराचे जहाज दिमतीला, खलाशी हाताखाली, कवायती झालेल्या. ग्रहणाच्या वेळी आभाळ भरून आले आणि सारे मुसळ केरात. त्या किनाऱ्यावर जमलेल्या ब्रिटिश हौशी खगोलमंडळींचीही तीच गत झाली. फोटो मिळाला तो दूर नोवाया झेमल्या बेटावर गेलेल्या शॅकल्टन नावाच्या तरुणास.

त्याने टिपले ते काय, हे समजून घेतले म्हणजे कावसजी जेऊरला कशासाठी गेले ते समजेल. चंद्र सूर्याला पुरता झाकतो त्या अगदी सुरुवातीच्या क्षणी, सूर्याच्या कडेचा तो तांबूस थर चंद्राआडून एखाद्या बारीक कोरीसारखा उघडा राहतो. एरवी सूर्याच्या वर्णपटात काळ्या दिसणाऱ्या रेषा त्या क्षणी उजळून लखलखतात. हा चमत्कार दोन-तीन सेकंद टिकतो आणि चंद्र पुढे सरकला की संपतो. ग्रहण सुटतानाही एकदा दुसऱ्या बाजूने दिसतो. दुर्बिणीच्या भिंगापुढे मोठा लोलक बसविला की ती कोरच वेगवेगळ्या रंगांत अनेकवार उमटते आणि प्लेटवर कंसांची एक रांग मिळते. प्रत्येक कंस एकेका द्रव्याचा. आता कल्पना करा : क्षण हुकला तर प्लेट कोरी, आधी उघडली तर उजेडाने जळालेली. म्हणून तंबूबाहेर यंत्रे उभी केल्यावर रोज तालीम करावी लागे. एकाने सेकंद मोठ्याने मोजायचे, दुसऱ्याने झडप उघडायची, तिसऱ्याने प्लेटची पेटी सरकवायची, आणि कोणीही मान वर करून आकाशाकडे पाहायचे नाही! ग्रहण पाहण्यासाठी महिनोन् महिने खपणाऱ्या माणसांनी ग्रहण पाहायचे नाही, हा नियम वाचून मला हसू आले. मग वाईटही वाटले.

२२ जानेवारी १८९८. शके १८१९ ची पौष अमावास्या आणि वार शनिवार. शनी-अमावास्या आणि त्यात खग्रास ग्रहण, म्हणजे आमच्या आजीच्या हिशेबी याहून वाईट दिवस शोधून सापडायचा नाही. खगोलवेत्त्यांच्या हिशेबी मात्र असा सुदिन विरळा. चंद्राची सावली कोकण किनाऱ्यावर चढून घाट ओलांडून सोलापूरचा उत्तर भाग, वऱ्हाड, नागपूर असे करीत पुढे बिहारकडे जाणार होती. महाराष्ट्राचा हिवाळा म्हणजे कोरडी हवा आणि निळे आकाश. नॉर्वेत होरपळलेल्यांना, की भिजलेल्यांना म्हणावे, आणखी काय हवे होते? लॉकियर विजयदुर्गास उतरले, तेथेही आरमाराचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश हौशी मंडळींची छावणी पडली, पुलगावला केंब्रिजचे न्यूअल, नागपूरजवळ स्कॉटलंडचे कोपलंड.

आणि जेऊर. जेऊर सावलीच्या मध्यरेषेच्या जवळ, समुद्राच्या दमट वाऱ्यापासून लांब आणि मुख्य म्हणजे रेल्वेच्या वाटेवर. आज उजनी धरणाच्या पाण्यामुळे त्या भागात ऊस आणि केळी दिसतात. तेव्हा सगळा उघडा माळ होता. अमेरिकेच्या लिक वेधशाळेतून कॅम्पबेल सपत्नीक आले होते. त्यांच्या सामानात चाळीस फूट लांबीचा एक कॅमेरा होता. जपानहूनही एक तुकडी आली होती. मुंबई बंदरात उतरलेले सामान जेऊरला जायचे तर मार्ग एकच, जी.आय.पी. रेल्वेचा, ठाणे-कल्याणवरून बोरघाट चढून पुणे, दौंड, जेऊर. म्हणजे त्या पेट्या आमच्या ठाणे स्टेशनातून गेल्या. कोणाला काय माहीत होते?

कावसजी पुण्याहून आले. हे वाक्य लिहायला सोपे आहे, पण ते पुणे कोणते होते पाहा. आदल्या वर्षी प्लेगने शहर उजाड केलेले. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, त्याला ग्रहणाच्या दिवशी बरोबर सात महिने होत होते. चापेकर तुरुंगात होते. टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत होते. पावसाळ्यानंतर प्लेग पुन्हा उसळला होता. स्टेशनास्टेशनांवर उतारूंची तपासणी होई. सोलापूर जिल्ह्यात नुकताच दुष्काळ पडून गेलेला. अशा दिवसांत एक प्राध्यापक दुर्बिणी, लोलक, आरसे आणि काचेच्या प्लेटी पेट्यांत भरून माळावर तंबू ठोकायला निघतो.

मला येथे अडखळायला झाले, हे प्रामाणिकपणे सांगते. माणसे गाठ येऊन मरत असताना सूर्याच्या कडेच्या कंसांचे काय घेऊन बसलात, असे त्यांना कोणी विचारले असेल का? मीच विचारले असते. आमच्या वर्गात या विषयावर बोलले तेव्हा एका मैत्रिणीने तो प्रश्न केलाच. मी तेव्हा गप्प राहिले. नंतर मला २१ जून २०२० चा रविवार आठवला. टाळेबंदी होती, वडिलांचा कारखाना बंद, चाळीत दोन घरांना क्वारंटाइनचे फलक लागलेले. त्या दिवशी सूर्यग्रहण होते, आपल्याकडे खंडग्रास. आई आत पाण्यात तुळशीची पाने टाकीत होती. मी आणि भाऊ ग्रहणाचा चष्मा घेऊन गच्चीवर गेलो. आषाढाच्या तोंडचे आभाळ, नौपाड्यावर राखाडी गोधडी अंथरल्यासारखे. दीड तास उभे राहून आम्हाला काहीही दिसले नाही. तरी त्या तीन महिन्यांत मी आजाराखेरीज दुसऱ्या कशाचा विचार केला असेल तर त्या दीड तासात. कावसजींचे उत्तर काय असते ते मी सांगू शकत नाही. माझे उत्तर एवढेच की, ग्रहण प्लेग संपेपर्यंत थांबणार नव्हते.

जेऊरचे आकाश निरभ्र राहिले. भर दुपारी उजेड पिवळट, मग शिशासारखा होत गेला आणि सावली आली. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटे टिकली. आमची गाडी स्टेशनात थांबते तेवढीच! तेवढ्या अवधीत मोजणाऱ्याने सेकंद मोजले, झडपा उघडल्या, मिटल्या, आणि सूर्य पुन्हा बाहेर आला. कावसजींना हवा होता तो क्षणभराचा वर्णपट आणि प्रभामंडल प्लेटवर उतरले. कॅम्पबेल यांचेही साधले. त्या दिवशी विजयदुर्गापासून वऱ्हाडापर्यंत ढगाने कोणाला दगा दिला नाही. तळणीला अ‍ॅनी माँडर या बाईंनी आपल्या लहानशा कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा एक किरण टिपला. तो सूर्यापासून सुमारे साठ लाख मैलांपर्यंत गेलेला दिसत होता. इतका लांब किरण तोवर कोणाच्याच फोटोत आला नव्हता. मोठमोठ्या दुर्बिणींच्या त्या जत्रेत हे एका बाईने लहान कॅमेऱ्याने केले, हे या लेखात बसत नसले तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्या प्लेटी धुऊन, एकेक कंस मोजून, तो कोणत्या द्रव्याचा हे ठरवून अहवाल लिहायला कावसजींना चार वर्षे लागली. अहवाल १९०२ साली मुंबईत छापला गेला. त्याच्या नावातच जेऊर आहे. त्या नावात ग्रहणाची तारीख २१-२२ जानेवारी अशी जोडून दिली आहे. मला ती छपाईची चूक वाटली होती. पण तेव्हा खगोलवेत्त्यांचा दिवस मध्यरात्री नव्हे तर दुपारी बाराला सुरू होई, त्यामुळे जेऊरच्या २२ तारखेच्या दुपारी ग्रीनिचच्या खगोलवेत्त्यांची २१ तारीखच चालू होती. दोन मिनिटांचे दृश्य आणि चार वर्षांचे टेबलावरचे काम, असे प्रमाण पडले. आपण फोटोची आठवण ठेवतो, हे मोजणे विसरतो.

ढगांच्या बाबतीत कावसजी नशीबवान ठरले. कॅम्पबेल यांचे पुढे काय झाले ते पाहा. आइनस्टाइनचे म्हणणे खरे की खोटे हे ग्रहणातल्या ताऱ्यांच्या फोटोंवरून पडताळण्यासाठी ते १९१४ च्या ऑगस्टमध्ये रशियात कीव्हजवळ गेले. महायुद्ध नुकतेच पेटलेले. ग्रहणाच्या वेळी ढग आले ते आलेच, वर यंत्रेही रशियात अडकून पडली आणि १९१८ च्या ग्रहणापर्यंत परत मिळाली नाहीत. आपल्याकडे २२ जुलै २००९ ला सुरतेपासून बिहारपर्यंत खग्रास ग्रहण झाले. बिहारातील तारेगणा येथे हजारो लोक जमले होते, त्यांनी ढगच पाहिले. उपग्रहांचे फोटो हाताशी असतानाची ही गोष्ट आहे.

कावसजींच्या कामावर ढग आला तो वेगळ्या दिशेने. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि त्याबरोबर वेधशाळा बंद करण्यात आली. चोवीस वर्षे चाललेली, हिंदुस्थानातली सर्वांत मोठी दुर्बीण घेऊन उभी राहिलेली वेधशाळा, एक माणूस घरी गेला म्हणून कुलूपबंद! त्यांच्या खुर्चीवर दुसरे कोणी बसविले गेले नाही. सरकारचे १८९९ पासूनचे कोडाईकॅनॉल येथील सौर वेधशाळेकडे लक्ष लागलेले होते, हे कारण समजण्यासारखे आहे. तरीही मला वाटते, सरकारने पुण्यात पैसा एका हुशार माणसावर लावला होता, वेधशाळा चालू ठेवण्यावर नव्हे. पंचवीस वर्षांत त्या कॉलेजातून आणखी एक खगोलवेत्ता तयार होऊ नये? यात थोडा दोष कावसजींच्याही पदरी घालावा का, याचा मी पुष्कळ विचार केला. मुंबईत देणगी मागणे, इंग्लंडात यंत्रे ठरविणे, पुण्यात इमारत उभी करणे, रात्री वेध घेणे आणि अहवाल लिहिणे, एवढे सगळे एकट्याने ओढणाऱ्याकडून आणखी किती अपेक्षा धरायची? विद्यार्थ्यांना अभियांत्रिकीची पदवी आणि तिच्यामागे नोकरी मिळत होती. तारे पाहून कोणाचे घर चालणार होते? माझ्या वडिलांनी मला बी.ए.ला घातले तेव्हा नातेवाइकांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता, म्हणून तो मला समजतो.

सामान कोडाईकॅनॉलला रवाना झाले. त्या वेळी तेथील वेधशाळेचे संचालक होते जॉन एव्हरशेड. हे तेच एव्हरशेड, जे १८९८ च्या त्या शनिवारी वऱ्हाडात तळणीच्या छावणीत होते आणि कावसजींप्रमाणेच त्या क्षणभराच्या वर्णपटाचे फोटो घेत होते. एकाच सावलीखाली दोन ठिकाणी उभे असलेल्या दोघांतल्या एकाची दुर्बीण चौदा वर्षांनी दुसऱ्याच्या दारी पेट्यांत भरून यावी, हा योगायोग खरा आहे, मी रचलेला नाही.

निवृत्तीनंतर कावसजी सव्वीस वर्षे जगले. १९३८ साली त्यांचे निधन झाले. त्यांची वीस इंची दुर्बीण पुढे कित्येक वर्षांनी कोडाईकॅनॉलला पुन्हा उभी राहिली आणि नंतर मोठ्या दुर्बिणीसाठी चांगली जागा शोधण्याच्या कामी लडाखमध्ये लेह येथेही नेण्यात आली. खगोलशास्त्रज्ञ तिला भावनगर दुर्बीण म्हणतात. देणगीदाराच्या राजधानीचे नाव तिच्या वाट्याला आले, कावसजींचे नाही.

भारतातून दिसणारे पुढचे खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ रोजी आहे, तेही काश्मीर-लडाखच्या बाजूला. तोवर मी अठ्ठावीस वर्षांची असेन. त्याआधी एक सोपे काम आहे. येत्या दिवाळीत जेऊरला उतरल्यावर पहिली एस.टी. सोडून द्यायची आणि छावणी कोणत्या माळावर होती याचा शोध घेत भावाबरोबर थोडे चालून पाहायचे. आजीला आधी सांगितले आहे. ती म्हणाली, ग्रहण नसेल त्या दिवशी खुशाल जा.